उभी, तिरकी आणि आडवी: परभणीतल्या तीन सकाळी

अण्णांना मी कधी पाहिलेलं नाही. ते सांगलीला राहतात, मी नाशिकला. पण कित्येक वर्षं रोज सकाळी आम्ही हौशी रेडिओवर भेटत आलो. हौशी रेडिओ म्हणजे परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यायचा आणि घरातल्या यंत्रावरून आपल्यासारख्याच परवानेवाल्यांशी बोलायचं. मध्ये तार नाही, टॉवर नाही. बटण दाबून आपण बोलायचं, सोडलं की समोरच्यानं. एकदा त्यांचं यंत्र बिघडलं तेव्हा आम्ही फोनवर बोलून पाहिलं. दोघंही वाक्य संपवून थांबायचो, मग दोघंही एकदम सुरू व्हायचो. कंटाळून ठेवून दिला. पुन्हा फोनच्या वाटेला गेलो नाही.

आमचा एक जुना वाद होता. पूर आला, वीज आणि मोबाईल दोन्ही गेले की हौशी रेडिओवाले पाठपिशवीत यंत्र घेऊन निघतात. तेव्हा बरोबर अँटेना कुठली न्यावी? अण्णा म्हणायचे, उभी न्यावी. दुर्बिणीसारखी उघडणारी सळई, जमिनीत रोवली आणि बुडाशी चार तारा पसरल्या की झालं. झाड लागत नाही, दुसरं माणूस लागत नाही. मी आडवीच्या बाजूची. मधोमध काठी, तिच्या शेंड्यावरून दोन्ही बाजूंना उतरत्या तारा. उभारायला वेळ जातो, पण जवळपासच्या जिल्ह्यांत आवाज खणखणीत पोचतो. तिसरी तिरकी. एकच लांब तार, एक टोक झाडावर, दुसरं यंत्राजवळ. तिची बाजू आम्हा दोघांपैकी कुणीच घेत नसे, पण वादात ती असायची.

दिवाळीनंतर एका सकाळी अण्णा म्हणाले, "सुनंदा, मी लेकीकडे बंगळुरूला चाललोय. सोळावा मजला."

"अँटेना?"

"सोसायटी गच्चीत खिळासुद्धा ठोकू देत नाही." मग म्हणाले, "जायच्या आधी आपला वाद मिटवू. तू कुठंतरी सपाट रानात जा, तिन्ही लाव. मी इथून ऐकतो आणि सांगतो. पण कुठली लावलीयस ते मला सांगायचं नाही. क, ख, ग एवढंच म्हण."

सपाट रान म्हणजे कुठलं, विचारलं तर म्हणाले, परभणीकडे जा. काळी जमीन आहे, ओल धरते, उभ्या अँटेनाला अशीच माती लागते. दोन दिवसांनी, जाता जाता सांगावं तसं, म्हणाले, "सेलूजवळ वालूर आहे. माझा जन्म तिथला. आता कुणी नाही तिथं. पण जमीन चांगली."

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली बाई. घरात दुसरं कुणी नाही, त्यामुळे निघताना कुणाला विचारायचं नव्हतं. जानेवारीत, अण्णांच्या गच्चीवरचा अँटेनाचा खांब उतरवायचा दिवस ठरला तेव्हा, त्याच्या आधीच्या दोन सकाळी आणि तो दिवस असं धरून मी निघाले.

सेलू

स्टेशनजवळच्या लॉजवर मॅनेजरनं नाव लिहून घेतलं आणि माझ्या मागे दाराकडे पाहिलं. "संगं कोन हाय?"

"कुणी नाही. एकटीच."

"आन् ही लांब पिशवी?"

त्यात दुमडायची काठी आणि अँटेना होत्या. मी रेडिओचं सांगितलं. त्यानं आपला मोबाईल काढून दाखवला. "ह्याच्यावर जगभर बोलता येतंय की, मॅडम. मंग हे कशाला वागवायलाव?"

हा प्रश्न मला पुढेही बऱ्याच जणांनी विचारला, आणि प्रत्येक वेळी मी पुराचं उत्तर दिलं. ते खोटं नाही. पण नाशिकच्या घरात सकाळी चहाचा कप घेऊन यंत्रासमोर बसलं की कुणीतरी आपलं नाव घेऊन हाक मारतं, हे लॉजच्या मॅनेजरला कसं सांगायचं?

सकाळी मी बाजारापलीकडच्या मोकळ्या मैदानात गेले. कापसाचे दिवस होते. ट्रॅक्टर उभे होते, हवेत बारीक रुई तरंगत होती आणि ती माझ्या तारांवर येऊन बसत होती. आमच्याकडे या दिवसांत द्राक्षांच्या गाड्या दिसतात आणि रस्त्याला गोडसर वास असतो. इथे सरकीचा, तेलकट. तिन्ही अँटेना लावून ठेवल्या, यंत्र सुरू केलं आणि कानांत नुसती घरघर भरली. शेजारच्या जिनिंग कारखान्यात कापसातून सरकी काढणाऱ्या मोटारी चालू होत्या आणि त्यांच्या विजेचा गोंगाट रेडिओत शिरत होता. मी क म्हटलं, ख म्हटलं, ग म्हटलं. उत्तर आलं असेल तरी त्या घरघरीखाली गेलं. तासभर मी अशी एकटीच बोलत राहिले. कुंपणापलीकडे कापूस उतरवणारे दोघं हात थांबवून माझ्याकडे बघत होते. एक बाई मैदानात बसून डब्याला क, ख, ग म्हणून दाखवतेय, असं त्यांना दिसत असणार.

दुपारी खानावळीत धपाटे आणि दही खाल्लं. आमच्या थालीपिठापेक्षा पातळ, आणि लसूण सढळ. वाढणाऱ्या बाईंनी न विचारता तिसरं धपाटं टाकलं आणि विचारलं, "एकल्याच का?" मी मान हलवली. आल्यापासून ते दुसऱ्यांदा.

वालूर

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी वालूरला पोचले. गाव मोठं, पण गल्ल्यांतून माणसं कमी. बऱ्याच दारांना कुलपं. वाटेत गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांची जुनी बारव लागली. काठावर उभं राहून आत पाहिलं. खाली हिरवट पाणी होतं, स्वच्छ. गावानं ती उपसून साफ केली, असं शेजारच्या टपरीवाल्यानं सांगितलं.

गावाबाहेर ज्वारी उभी होती, कणसं दाण्यावर आलेली. एका शेतात चार लाकडांवर मचाण बांधलेलं आणि त्यावर एक म्हातारी बाई गोफण घेऊन उभी. पाखरं राखत होती. मी बांधावरूनच विचारलं, इथे तासभर बसू का, काठी उभी करू का.

"बसा की. काय मोजायलाव, जमीन?"

जमीन मोजणारी नाही म्हटल्यावर ती खाली उतरून आली. नाव गयाबाई. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, नातवंडांसकट, होळीपर्यंत येणार नाहीत. घरात ती आणि एक गाय.

"तुमचं कोन हाय घरी?"

"कुणी नाही."

"बरं हाय," ती म्हणाली. "म्हंजी बरं न्हाई. पर वाट तर बघाया लागत न्हाई." मग माझ्या काठीकडे पाहून, "ती बांधा मचाणाला. हालणार न्हाई."

आडवीची मधली काठी मचाणाला बांधली, तारा दोन्ही बांधांकडे ओढल्या. तिरकी बाभळीवर टाकली, उभी मोकळ्या वाफ्यात रोवली. यंत्र लावलं तर कानांत शांतता. त्या शांततेत अण्णांचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला.

"काल मी तुला ऐकत होतो. तू मला ऐकत नव्हतीस. तीनदा सांगितलं, तरी तुझं क, ख, ग चालूच."

मी हसले. मग आम्ही नीट कामाला लागलो. तेच यंत्र, तीच ताकद, फक्त अँटेना बदलायची. क म्हणजे तिरकी. ते म्हणाले, बरी आहे, अक्षरं कळतात, पण मधूनच बुडते. ख म्हणजे उभी. दोनदा हाक मारली तेव्हा कुठे म्हणाले, कुणीतरी आहे तिकडे, कोण ते कळत नाही. ग म्हणजे आडवी.

"ही तुझी आडवी," ते लगेच म्हणाले. "सांगायची गरज नाही. मीटरची सुई उजवीकडे टेकली."

का ते आम्हा दोघांना माहीत होतं. आडवी आपला आवाज वर आभाळाकडे फेकते आणि तो तिथून आजूबाजूच्या जिल्ह्यांत पावसासारखा खाली येतो. उभी तो क्षितिजाकडे लांब फेकते. सांगली जवळ पडते, तिच्या डोक्यावरून तो जातो. माती चांगली असली तरी त्यात फरक पडत नव्हता. अण्णा हरले होते आणि मला त्याचा आनंद व्हायला हवा होता.

तेवढ्यात पाखरांचा थवा कणसांवर उतरला. गयाबाई मचाणावर चढली, गोफण फिरवली आणि ओरडली. लांब, चढत जाणारी आरोळी, शेवटी तुटणारी. माझं बटण दाबलेलंच होतं.

मी सोडलं. पलीकडून काही आलं नाही. मला वाटलं, संपर्क तुटला.

मग अण्णा म्हणाले, "कोण ओरडलं?"

"गयाबाई म्हणून आहेत. त्यांचंच शेत. पाखरं हाकलतायत."

"पुन्हा पाखरं आली की बटण दाबून धर. तू बोलू नकोस."

मी गयाबाईला सांगितलं, सांगलीला एक आजोबा आहेत, मूळ वालूरचे, त्यांना तुमची आरोळी ऐकायची आहे.

तिला त्यात काही नवल वाटलं नाही. "कुनाचे म्हनायचे?"

मला अण्णांचं आडनाव माहीत होतं, घराणं माहीत नव्हतं. परवानेवाल्याखेरीज दुसऱ्या कुणाला यंत्रावर बोलू देता येत नाही, नाहीतर मी माईक तिच्याच हातात दिला असता. मी विचारून सांगते म्हटलं.

"असू द्या," ती म्हणाली. "गेलेलं मानूस कुनाचं का आसंना."

थवा परत आला तेव्हा मी माईक तिच्या दिशेनं धरला आणि गप्प राहिले. ती नेहमीसारखीच ओरडली, जास्त नाही, कमी नाही. पाखरं उडाली. वाऱ्यानं कणसं एकमेकांवर घासली. मी बटण सोडलं.

"लय झालं," अण्णा म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'लय' मी पहिल्यांदा ऐकलं. "उद्या सकाळी बोलू. नऊ वाजता माणसं येतायत खांब उतरवायला. त्याच्या आधी ये."

गयाबाईनं जमिनीत खळगा करून गोवऱ्या पेटवल्या, कणसं भाजली, हातावर चोळून गरम हुरडा माझ्या पदरात टाकला. शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. आमच्याकडे हुरड्याला गाड्या भरून माणसं जातात; इथे आम्ही दोघी, आणि मधून मधून ती खायचं सोडून मचाणावर चढायची. निघताना म्हणाली, "पुन्हा आलाव तर हितंच बसा." मी हो म्हटलं. तिनं मान फिरवून पाखरांकडे पाहिलं. परत येईन असं म्हणणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली असणार.

पोखर्णी

शेवटचा दिवस पोखर्णीला ठरवला होता, कारण मला दुपारी परभणीहून गाडी धरायची होती. नृसिंहाच्या देवळात आधी जाऊन आले. गाभाऱ्याचं दार इतकं बुटकं की अंग चोरून आत शिरावं लागतं. आतून बाहेर येताना एका बाईनं माझा खांदा धरून वाकायला मदत केली आणि तेच विचारलं, संगं कुणी न्हाई का.

गावाबाहेर तूर काढलेल्या रानात, मालकाला विचारून, बसले. वालूरच्या अनुभवानं शहाणी झाले होते. वेळ न घालवता आडवी आधी लावली. अण्णांना मी काय सांगायचं ते आदल्या दिवसापासून मनात जुळवत होते. इतक्या वर्षांच्या सकाळी. काहीतरी नीट सांगायला हवं होतं.

यंत्र सुरू करणार तोच मागून मेंढरं आली. मोठा कळप, पुढे दोन बकरे, मागे एक बाई. ती "हुर्र हुर्र" करत होती, पण मेंढरांना तार दिसत नाही. पुढची खालून गेली. एक मेंढी वर उडी मारायला गेली, तिच्या मानेत तार अडकली, ती घाबरून फिरली आणि तार आणखी आवळली. काठी कडकन मोडून पडली. मेंढीचे डोळे पांढरे झाले.

बाई धावत आली. "मरती, मरती ती. कापा काईतरी."

पिशवीत पक्कड होती. त्या एका क्षणात मला कळत होतं की ही तार म्हणजे आजची सकाळ आहे. मी मानेजवळ बोट घातलं, पक्कड लावली आणि तार तोडली. मेंढी आधी तिथेच पडून राहिली, मग उठून कळपात घुसली, जसं काही झालंच नाही.

बाईचं नाव कोंडाबाई. नवरा कळपाच्या दुसऱ्या तुकडीबरोबर पुढे गेला होता. ती तारेचे तुकडे गोळा करून माझ्यापुढे घेऊन आली. "लय नुकसान झालं का हो तुमचं?"

"जोडता येईल," मी म्हटलं. येणारही होतं. पण काठी मोडलेली, मधली जोडणी उपटून आलेली. ते सगळं नीट करायला जेवढा वेळ लागला असता तेवढा माझ्याकडे नव्हता. अण्णांच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. फोन खाली असतो, ते वर गच्चीच्या खोलीत, हे मला माहीत होतं. तिरकी टाकावी तर त्या रानात झाड नव्हतं. राहिली उभी.

सळई रोवली, चार तारा पसरल्या, कानाला लावलं. अण्णा हाका मारत होते. बारीक, लांबून, मधूनच विरणारा आवाज. त्यांच्याकडे घरचं मोठं यंत्र, म्हणून ते मला ऐकू येत होते. माझा बॅटरीवरचा डबा उभ्या सळईवरून तिथवर पोचत नव्हता. मी नाव, नाशिक आणि आजचं ठिकाण परभणी असं सगळं सांगून उत्तर दिलं. ते पुन्हा हाक मारत राहिले, जसं मी काही बोललेच नाही. पुन्हा दिलं. पुन्हा तेच.

स्पीकर चालू होता. कोंडाबाई काठी टेकून उभी राहिली. "कोन बोलायलंय?"

"एक आजोबा आहेत. मला हाका मारतायत."

"मंग ओ द्या की."

"देतेय. त्यांना ऐकू जात नाही."

ती खाली बसली, माझ्या शेजारी, पदर डोक्यावरून पुढे ओढून. अण्णा माझं नाव घेत होते. नंतर म्हणाले, "सुनंदा, बहुतेक अडचण आली असेल. मी आहे अजून थोडा वेळ." मी बटण दाबून "आहे, अण्णा, मी आहे" म्हणत राहिले. बटण सोडलं की त्यांचं बोलणं मध्येच चालू असायचं.

मग एक तिसरा आवाज आला, मोठा आणि स्वच्छ, जणू रानाच्या पलीकडच्या बांधावरून.

"नाशिकवाली मॅडम, मैं मॅथ्यू, कन्नूर से. आप का आवाज इधर बहुत साफ आता है. सांगली का बुजुर्ग आप को बुलाता है. आप सुनता है क्या?"

केरळच्या किनाऱ्यावर कुणीतरी माझी उभी ऐकत होतं. मी त्यांना माझ्या हिंदीत सांगितलं, मैं सुनती हूँ, उनको मेरा सुनाई नहीं देता, आप बोलिये. मॅथ्यूंनी अण्णांना बोलावलं आणि सांगितलं. मग मॅथ्यू माझ्याकडे वळले.

"वो पूछता है, कौन सा अँटेना."

"उभी. मतलब, खडी."

मॅथ्यूंनी पोचवलं. परत आले तेव्हा त्यांच्या आवाजात हसू होतं. "वो बोलता है, मैं ने सुना नहीं, तो खडी हार गया. आप कन्नूर तक आया, तो खडी जीत गया. झगडा बराबर. ऐसा बोलता है."

कोंडाबाईला हिंदी कळत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"और कुछ बोलना है उनको?" मॅथ्यूंनी विचारलं.

मी जुळवून ठेवलेलं सगळं मनात उभं राहिलं. ते मराठीत होतं, आणि मध्ये एक भला अनोळखी माणूस होता जो प्रत्येक वाक्य उचलून दुसरीकडे नेऊन ठेवणार होता. त्यांच्या खांद्यावर मला ते देववेना.

"इतना बोलिये, सुनंदा सुन रही है."

त्यांनी तेवढंच सांगितलं. मग अण्णा सरळ माझ्याशी बोलले, उत्तराची वाट न बघता, सावकाश, मला कळावं म्हणून प्रत्येक शब्द वेगळा करत.

"सुनंदा, तू ऐकतेस असं हे गृहस्थ म्हणतात. माणसं आली आहेत, शिडी लावतायत. रोज सकाळी कुणीतरी आपली वाट बघतंय, ही चैन मला पुष्कळ वर्षं मिळाली. त्याबद्दल बोलायचं नसतं म्हणून बोललो नाही. तब्येत सांभाळ. आता बंद करतो."

त्यानंतर नुसती सळसळ. मी बटणावर बोट ठेवून बसले होते, पण दाबलं नाही. कोंडाबाई उठली. मेंढरं शेजारच्या हरभऱ्याच्या कडेला जायला लागली होती. जाताना तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, क्षणभरच, आणि हुर्र हुर्र करत कळपामागे गेली.

मी यंत्र बंद करायला हात पुढे केला.

"मॅडम," मॅथ्यू म्हणाले. ते अजून तिथेच होते. "वो चला गया. आप है?"

"हूँ."

"मैं परभणी कभी नहीं देखा. उधर अभी खेत में क्या है?"

मी मान वर केली. उन्हं आता रानभर पसरली होती. पलीकडे ज्वारी वाऱ्यानं एका बाजूला कलत होती, तिच्या मागे देवळाचं शिखर, आणि कळपाची धूळ हळूहळू खाली बसत होती. ज्वारीला हिंदीत काय म्हणतात, ते मला पटकन आठवेना. मी बटण दाबलं आणि सांगायला लागले.